एक नंबरचा लिव्हर

आमची केबिन अजून उभी आहे, याचाच मला जास्त राग येतो. पाडली असती तर विटा तरी कोणाच्या कामी आल्या असत्या. पुलगावच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनावरून गाडी न थांबता निघते, तिथं डाव्या हाताला ती दिसते. दुमजली, तावदानं गेलेली, जिन्याचा लोखंडी कठडा कुणीतरी कापून नेलेला. डब्यातले लोक म्हणतात, इंग्रजांच्या काळातली असेल. कसले इंग्रज! नव्वद सालानंतर बांधलेली आहे ती, आणि जेमतेम सात वर्षं चालली.

मालगाड्यांसाठी स्टेशनात एक जादा लाइन टाकली, म्हणून त्या टोकाला ही केबिन. वरच्या मजल्यावर छातीइतक्या उंचीचे लोखंडी लिव्हर ओळीनं उभे. लिव्हर ओढला की बाहेर जमिनीलगतची तार ओढली जायची आणि दूरचा सिग्नल डाऊन व्हायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. मोठ्या स्टेशनांवर तेव्हा बटणांचे पॅनेल बसू लागले होते, आणि आमच्याकडे हे वरातीमागून घोडं. त्यातून लिव्हर नवे नव्हतेच. कुठल्याशा बंद पडलेल्या केबिनमधून काढून, रंग फासून आणलेले. उद्घाटनाला साहेब आले, नारळ फोडला, पेढे खाल्ले. एकानंही एक लिव्हर ओढून पाहिला नाही.

मी तिथं असिस्टंट स्टेशन मास्टर होतो. कारंज्याचं किराणा दुकान भावाच्या हवाली करून नोकरीला आलेला. पुढच्या स्टेशनला फोनवर विचारायचं, हुकूम द्यायचा आणि लिहायचं, हे माझं काम. ओढायचं काम लिव्हरमनचं. माझ्या पाळीचा लिव्हरमन जवळच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला साहेब. उघड्या हातानं तो लिव्हर कधी धरायचा नाही. घामानं मूठ गंजते म्हणून घरून धुतलेलं फडकं आणायचा आणि त्यातच मूठ धरायचा.

सगळ्यांत वाईट एक नंबर. तो आऊटर सिग्नलचा, म्हणजे किलोमीटरभर तार. पाय चौकटीला लावून सगळं अंग मागं टाकावं लागे. मे महिन्यात उन्हानं तार ढिली पडायची, एका ओढीत सिग्नल पुरता उतरायचा नाही. थंडीत ती इतकी ताणली जायची की विचारू नका. तारेखालच्या पुल्या तर बारा महिने गंजलेल्या.

"साहेब, एक नंबर लय जड जाऊन राह्यला," भाऊ म्हणायचा. "वहीत लिहा न जरा."

ही वही म्हणजे बिघाडाची वही. तीत लिहिलं की सिग्नलची देखभाल करणाऱ्या मेंटेनरला उत्तर द्यावं लागे. मेंटेनर आमच्यातलाच, चार स्टेशनांना एकटा, हाताखाली माणूस नाही, मागितलेलं ग्रीस महिना महिना यायचं नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. आपल्या माणसाचा बिघाड लिहायचा नाही, तोंडी सांगायचा.

"लिहू नका साहेब," मेंटेनर म्हणायचा. "उद्या करून देतो. तुम्ही लिहान तर चार्जशीट मलेच भेटन."

तिघं एका डब्यातून जेवणारे आम्ही. मी दर पाळीला सुरेख अक्षरात लिहायचो, 'सर्व लिव्हर व सिग्नल बरोबर.' आणि त्याला माणुसकी म्हणायचो.

शेवटच्या वर्षी कळलं की केबिन बंद होणार, स्टेशनातच पॅनेल बसणार. मग उरलंसुरलं सामानही थांबलं. मेंटेनरनं पुल्या मागितल्या तर वरून निरोप आला, बंद होणाऱ्या केबिनवर खर्च नाही. अरे, केबिन बंद होणार होती, गाड्या तर चालूच होत्या ना? ते लिव्हर ओढायला तुमचे हात येणार होते का?

पौषातली सकाळ होती. मालगाडी आऊटरला येऊन उभी होती. भाऊनं एक नंबर ओढला, तो अर्ध्यावर अडला. त्यानं आणखी जोर लावला आणि मूठ सोडून खालीच बसला. त्याला उठता येईना. उरलेला लिव्हर मी ओढला, तिसऱ्या खेपेला आला. गाडी खोळंबली त्याचं कारण लिहिणं भाग होतं. लिव्हर अडला असं लिहिलं तर मेंटेनर अडकतो, म्हणून मी लिहिलं, 'लिव्हरमनची तब्येत अचानक बिघडली.'

त्याचा मणका सरकला होता. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा केबिनला कुलूप लागलं होतं आणि लिव्हरमन सगळे जादा ठरले होते. त्याला गँगमध्ये टाकलं, रुळांवर पहार मारायला. त्यानं अर्ज केला की ड्यूटीवर कंबर गेली आहे, फाटकावर बसायचं काम द्या. अर्जाच्या चौकशीला एक साहेब आले.

त्यांनी वही चाळली. सात वर्षांत एक नंबर जड असल्याची एकही नोंद नाही. अक्षर माझं.

"लिव्हर जड असल्याचं यानं तुम्हाला सांगितलं होतं?"

भाऊ टेबलाशी कंबरेवर हात ठेवून उभा होता, माझ्याकडे बघत. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग लिहिलं का नाही? बढतीच्या यादीत माझं नाव होतं.

"तशी तक्रार माझ्याकडे आली नव्हती," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मीच आधी बोललो. आवाज चढवून बोललो, कारण लाज वाटत होती. म्हणालो, "भाऊ, त्या मेंटेनरची नोकरी गेली असती. त्याचं काय केलं असतं आपण?"

"तो काल घरी आलता," भाऊ म्हणाला. "म्हणे, आपल्या साहेबाले सांगजो, खरं ते सांगून टाका, माझं होईन ते होईन."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"मले वाटलं, तुमाले सांगा लागत नाई."

दोन दिवसांनी तो खांद्यावर पहार घेऊन गँगमध्ये गेला. त्याच महिन्यात मला बढती मिळाली, आणि मी ती घेतली.