गिळलेला व

आठवीतून शाळा सुटली तेव्हा मला पुरणपोळी चांगली येत होती आणि वाचन वाईट. वाचताना मी अक्षरं गिळायची. आमचे गुरुजी म्हणायचे, "अक्षरं गिळून पोट भरत नसतं, बाळ." वर्ग हसायचा. मग आई आजारी पडली, घर बघायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि मी परत शाळेत गेलेच नाही. पोळ्या सुधारत गेल्या. गिळणं तसंच राहिलं.

मी बार्शीकडची. नवरा वायरमन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याची बदली मोखाडा तालुक्यात झाली आणि खोडाळ्याच्या बाजारापासून थोडं पुढं, रस्त्याच्या वरच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. खाली उतारावर नऊ-दहा घरांचा पाडा आहे. मला कशाचीही काळजी वाटते, हे आधीच सांगून टाकते. दूध उतू जाईल, दोरीवरचे कपडे वाऱ्यानं दरीत जातील, नवरा खांबावर असताना कुणीतरी लाइन चालू करील. संध्याकाळी तो घरात येऊन खुंटीला पिशवी अडकवतो तेव्हा आतली पक्कड पान्ह्यावर वाजते. तो आवाज आला की मी चहाला आधण ठेवते. सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी तो आवाज सांगीन.

पाड्यातली पहिली ओळख झाली ती मावशींची. त्या बाजाराला जाताना आमच्या ओट्यावर टोपली टेकवून दम खायच्या. मला "वायरमनीण" हे नाव त्यांनीच ठेवलं. दिवाळीनंतर मला ताप आला. नवरा दिवसभर कामावर, घरात मी एकटी. मावशी आठ दिवस रोज नागलीची आंबील घेऊन आल्या. मी नाचणी म्हटलं की म्हणायच्या, "नागली म्हण, म्हणजे लवकर बरी होशील." आठव्या दिवशी मी नागली म्हटलं आणि उठून बसले. त्या म्हणाल्या, "बघ, सांगत नव्हते?"

हे मनात राहिलं होतं. शिमगा झाला, पळसाचा रंग उतरला, मोहाची फुलं वेचून संपत आली, तेव्हा मी ठरवलं की गुढीपाडव्याचं जेवण आपल्याकडं करायचं. मावशी, त्यांची सून, सुनेची दोन मुलं आणि घरमालक नवरा-बायको. सहा माणसं. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "सहा माणसांसाठी आठ दिवस आधीपासून काळजी करणार असशील, तर नको."

"काळजी कुठं करतेय? विचारतेय फक्त, डाळ पुरेल का?"

"हेच विचारलंस काल."

मावशी ओट्यावर बसल्या होत्या तेव्हा मी आमंत्रण दिलं. आमच्याकडं पाडव्याला पाडवा असं कुणी म्हणत नाही. बोलताना व कुठंतरी विरघळतो. मी म्हटलं, "मावशी, बुधवारी पाड्याचं जेवण हाय माझ्याकडं. दुपारी या."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "पाड्याचं? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. कुणाला घरी ठेवू नका." मला वाटलं, त्या सुनेचं आणि मुलांचं विचारताहेत.

"येवढ्याश्या घरात करशील?"

"करीन की."

"बरं बाय," म्हणाल्या आणि टोपली उचलून नेहमीपेक्षा जरा हळू उतरल्या.

पुढचे दिवस तयारीत गेले. बांबू घरमालकांनी दिला, तो इथं मागावा तितका मिळतो. कडुनिंब मात्र जवळपास कुठं दिसेना. शेवटी नवऱ्यानं त्र्यंबककडून येणाऱ्या जीपवाल्याला सांगून एक डहाळी मागवली. ती मी ओल्या फडक्यात अशी जपली की नवरा म्हणाला, "तिला अंगाई म्हणायची तेवढी राहिलीय." साखरेच्या गाठी मोखाड्याच्या बाजारातून आल्या. पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. माझ्या लग्नातली हिरवी साडी, वर तांब्याचा लोटा. मी तीस पोळ्या लाटल्या. सहा माणसांना तीस म्हणजे पाहुण्यांनी संध्याकाळी डबा नेला तरी उरतील, असा हिशोब.

अकराला नवऱ्याचा फोन वाजला. फिडर गेला होता, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांची वीज बंद.

"तासाभरात येतो," तो म्हणाला.

"तुमचा तास मला माहीत आहे."

तो गेला. मी ओट्यावर येऊन खाली बघितलं. उतारावरून माणसं वर येत होती. पुढं मावशी, मागं सून, तिच्या मागं बायका, म्हातारे, कडेवर पोरं. डोक्यांवर टोपल्या, दोघांच्या खांद्यावर काठीला अडकवलेला मोठा टोप. बावीसपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडलं. आत पळाले. पोळ्यांकडं बघितलं, आमटीत दोन तांबे पाणी ओतलं, त्यानं आणखीच घाबरले. आई म्हणायची, पाडव्याला दारातून कुणी अर्धपोटी गेलं तर वर्षभर ते घराला टोचतं. माझं नवीन वर्ष सुरू होऊन पाच तास झाले होते आणि मी या माणसांना, ज्यांच्यातल्या मावशींनी मला आजारपणात जगवलं त्यांना, प्रत्येकी एक पोळी आणि पाण्याची आमटी देणार होते.

मावशी आत आल्या. "तांदूळ कुठं ओतू?"

"तांदूळ कशाला, मावशी?"

"म्हंजी? पाड्याचं जेवण ना? घराघरातून पसा-पसा आणलाय. उडीद पण हाय. तू काय एकटी सगळ्या पाड्याला घालणार व्हतीस?"

माझा आवाज रडका निघाला. "मी पाडव्याचं म्हणाले होते. गुढीपाडव्याचं. तुमच्या घरच्यांना."

दाराशी उभी सून तोंडाला पदर लावून मागं वळली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"पाडवा होय," मावशी म्हणाल्या. "तू तर पाड्याचं, पाड्याचं म्हणत व्हतीस. मी दारोदार सांगून आले, वायरमनीण जेवाला बोलावते, पोर मोठ्या मनाची हाय." आणि मग त्याही हसल्या, आणि मीही, डोळे पुसत.

"आता आलोय ते काय परत जाऊ?" बाहेरून एक म्हातारे विचारत होते.

कुणी परत गेलं नाही. अंगणात तीन दगड मांडले, टोप चढला. तिघींनी उडदाचं वरण केलं, चौथी माझ्या आमटीची चव घेऊन म्हणाली, "पाणी कोणी ओतलं एवढं?" मी म्हटलं माहीत नाही. पळसाची पानं पंगतीत मांडली गेली. पोळ्यांचे मी दोन-दोन तुकडे केले आणि मावशींनी स्वतः वाढले, प्रत्येकाच्या पानात एक, मुलांच्या पानात दोन.

आधी कडुनिंब आणि गूळ दिला. ते म्हातारे तोंड वाकडं करून म्हणाले, "सणाला बोलावून कडू देता तुमच्याकडं?" मग त्यांनी गुढीकडं मान वर करून नीट बघितलं. "लोटा पालथा का घातलाय? पाणी नाय म्हणून?"

"तशी रीतच आहे, बाबा."

"मग आमच्याकडं या दिवसात रोजच पाडवा. सगळे लोटे पालथे."

विहीर खाली गेल्यावर पाणी भरायला किती लांब जावं लागतं, ते पंगतीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. त्याच सगळ्यात आधी हसल्या.

नवरा अडीच वाजता आला. अंगणातली गर्दी बघून दाराशीच थांबला. त्याला वाटलं, काहीतरी बरंवाईट झालं. मावशींनी त्याला पंगतीत बसवून पान वाढलं आणि सगळी हकिकत माझ्या आवाजात, माझे व गाळून, सांगितली. तो भात संपेपर्यंत हसत होता. मी मात्र एकेकाचं पान बघत फिरत होते. कुणी अर्धपोटी नव्हतं. टोपात दोन माणसांचा भात उरला. गुरुजी तिथं असते तर त्यांनाही बसवून वाढलं असतं.

यंदा पाडवा जवळ आला तेव्हा नवरा म्हणाला, "ह्या वेळी नीट बोल, बाई. व म्हणून दाखव." मी त्याच्यासमोर तीनदा स्वच्छ म्हणून दाखवला. पाडवा, पाडवा, पाडवा. मग उतरून मावशींच्या अंगणात गेले. त्या मोहाची फुलं वाळत घालत होत्या.

"मावशी, पाड्याचं जेवण हाय माझ्याकडं. सगळ्यांनी या."

त्यांनी वर बघितलं. "आणि व?"

"गिळला."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "तर मग टोप घासून ठेवते."