बयाणा घेतलेला खेळाडू

माझे अक्षर चांगले नाही. काना-मात्रा सुटतात आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी कळलेच नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. कोणाच्या हाती हे पडले तर समजून घ्यावे. चार लोकांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमचे हे गडचिरोलीला एका कॉलेजात मुलांना फुटबॉल शिकवत होते. नोकरी पक्की नव्हती. दर पावसाळ्यात नेमणुकीचा नवा आदेश निघायचा आणि तो हातात पडेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्या वर्षी प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवले होते की आपले कपाट रिकामे आहे, यंदा ट्रॉफी दिसली पाहिजे. यांनी घरी येऊन ते सहज सांगितले, पण पायातले बूट काढायला विसरले.

आमच्याकडे धान कापून झाले की गावोगाव रिकाम्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, सामने लागतात. पहिले बक्षीस बकरा आणि वर रोख. गावची पोरे कमी पडली तर बाहेरच्या चांगल्या खेळाडूला आगाऊ पैसे देऊन बोलावतात. त्याला बयाणा म्हणतात. नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजच्या स्पर्धा असतात. धसकटांवर खेळून पाय मुरगळतो, हाणामाऱ्या होतात. म्हणून यांचा नियम होता की आपल्या स्पर्धा संपेपर्यंत कोणी बयाण्यावर खेळायचे नाही. खेळला तो पुढच्या सामन्यात बाहेर बसेल. पोरांनी एका सुरात हो म्हटले होते.

सकाळच्या सरावानंतर पोरे आमच्या अंगणात यायची. मी भिजवलेले चणे आणि उकडलेली अंडी द्यायची. त्यांत आलापल्लीकडचा एक होता. त्याचा बाप लाकडाच्या डेपोवर मजूर. तो सगळ्यांची अंडी सोलून द्यायचा आणि आपले शेवटी खायचा. गोल बहुतेक तोच मारायचा. तो खेळला तर आपण जिंकू, हे फुटबॉल न कळणाऱ्या मलाही कळत होते.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी एका पोराने यांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यात आलापल्लीचा पोरगा मूल तालुक्यातल्या एका गावाच्या संघाचा बनियन घालून उभा होता. यांनी विचारले तेव्हा तो लपवालपव न करता म्हणाला की एकच मॅच खेळलो. पण बयाणा पूर्ण स्पर्धेचा घेतला होता, चार हजार. त्या पैशांचा त्याने मोबाईल विकत घेऊन टाकला होता. आणि त्या गावची फायनल होती उद्याच.

संध्याकाळी त्या गावचे तिघे जण मोटरसायकलवर आमच्या दारात आले. चहा घेतला, हसून बोलले, पण उठेनात. त्यांच्यातला मोठा मला म्हणाला, "बाई, आमाले पोरगा द्या नाईतर पैसे द्या. बकरा आमच्याच गावचा हाय. तो दुसऱ्या गावानं नेला तं बायका आमाले घरात घेनार नाई."

यांनी पोराला बोलावून घेतले होते, तो अंगणातल्या पाण्याच्या टाकीजवळ मान खाली घालून उभा होता. यांच्याजवळ पैसे नव्हते, मानधन दोन महिन्यांपासून आले नव्हते. माझ्याजवळ होते. बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज उचलले होते आणि मशीन आणायची राहिली होती. मनात एकच चालले होते. पैसे गेले की पोरगा सुटेल, उद्या खेळेल, हे जिंकतील, आदेश निघेल. मी आत गेले, नोटा आणल्या आणि यांच्या हातात दिल्या. यांनी मोजून त्या माणसाला दिल्या. ते लोक राम राम करून गेले.

मग हे त्या पोराला म्हणाले, "हे काकूचे पैसे हायेत. हळूहळू फेडजो. आन उद्या तू बाहेर बसशीन."

मी कधी यांच्या खेळाच्या गोष्टीत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "मंग पैसे कायले देले?"

"ते त्यायचे होते, ते गेले," हे म्हणाले. "बाहेर बसवाचं मी पोरायले पयलेच सांगतलं होतं."

प्राचार्यांचा फोन आला. मला इकडचेच ऐकू येत होते. जी साहेब, जी साहेब, नाही साहेब. शेवटचे नाही साहेब त्यांनी दोनदा म्हटले. मी भाजी करपवली आणि तीच वाढली. यांनी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले नाही. एकच धुणे परत धुतले. ऊन उतरले तेव्हा यांची गाडी आली. हे म्हणाले, "मॅच एका गोलानं गेली." तो पोरगा पूर्ण वेळ पाण्याच्या बाटल्या भरून देत होता, असे नंतर दुसऱ्या पोरांनी सांगितले.

पावसाळ्यात आदेश निघाला, तो दुसऱ्या माणसाच्या नावाने. हे मूलला राईस मिलमध्ये पोती मोजायला जाऊ लागले. आठवड्याने घरी यायचे, अंगावर कोंडा. गटाच्या सभेत मी मागे बसायची. हप्ता थकला की बायका बोलायच्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघायच्या. ते जास्त लागायचे.

पोरगा मात्र त्याआधीपासून पैसे देत होता. कॉलेजच्या स्पर्धा संपल्यावर त्याने यांना विचारले होते की आता गावात खेळू काय. हे म्हणाले, आता खेळ. उन्हाळाभर तो खेळला. कधी पाचशे आणायचा, कधी दोनशे, ते मी गटात भरायची. एकदा जिंकलेल्या बकऱ्याचा वाटा पानात बांधून आणला आणि म्हणाला, "काकू, हे हिशोबात नाई."

पाऊस लागला आणि त्याचे येणे थांबले. अजून नऊशे राहिले होते. मला वाटले, आता ते पैसे काही येत नाहीत. कॉलेज दुसऱ्या सराचे, आमचा त्याच्यावर काय धाक?

हिवाळ्यात पुन्हा स्पर्धा लागल्या. यांनी शिकवलेलीच पोरे होती, जिंकत होती. पेपरात फोटो आला तो हे बराच वेळ बघत बसले. नवे सर पोरांना बयाण्यावर खेळू देत होते, ते कानावर आले होते. एका रविवारी हे घरी असताना तो पोरगा आला आणि नऊशे रुपये ओट्यावर ठेवले. मला आधी बरे वाटले, मग यांचा चेहरा पाहून भीती वाटली.

यांनी नोटांना हात लावला नाही. विचारले, "बयाण्याचे हायेत काय?"

"नाई सर. मॅची चालू हायेत नं आपल्या," तो म्हणाला. "सुट्टीत बापासंग डेपोवर गेलतो. लाकडं उचलले."

त्याच्या खांद्याची साल निघाली होती. यांनी त्याला बसवले. मी खोबरेल तेल आणून दिले आणि अंडी उकडायला ठेवली. हे त्याच्याशी पुढच्या सामन्याचे बोलत राहिले, बोटाने जमिनीवर रेषा ओढून.

दुसऱ्या दिवशी मी गटाच्या सभेला गेले आणि त्या नऊशेत हाताने शिवलेल्या गोधड्यांचे थोडे घालून पैसे भरले. अध्यक्षबाईंनी मोजले आणि सगळ्यांसमोर सांगितले की माझे कर्ज व्याजासकट पूर्ण फिटले.