उसना दात

माझे दुधाचे दात हिरवे होते. पिवळट नाही, काळपट नाही, चक्क हिरवे. जन्मतःच माझी पित्ताची नळी बंद होती. तान्ही असतानाच ऑपरेशन झालं आणि मी वाचले, पण तोवर अंगात साठलेलं पित्त दातांत उतरलं ते उतरलंच. आमची अकोटजवळ भाजीपाल्याची वाडी. शाळेतल्या पोरी म्हणत, "हे घरचा पालक कच्चाच खाते." मीही काही गरीब गाय नव्हते, एकीला कडकडून चावले होते.

आई रोज मीठ लावून दात घासून द्यायची. हिरड्यांतून रक्त यायचं, रंग मात्र जायचा नाही. शेवटी अमरावतीला राजापेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी तिला हात जोडले. "बाई, दात तयार होतानाच हा रंग आत मुरला आहे. घासू नका. ऑपरेशननंतर लिव्हर नीट चालत असेल, तर नवे दात पांढरे येतील."

मी एवढंच ऐकलं, की आता मी छान दिसणार. आईने 'असेल तर' तेवढं ऐकलं.

तिथून जवळच मावशीचं घर. तिच्या मुलीचा दात नुकताच पडला होता, पांढराशुभ्र. पडलेला दात टिनाच्या छपरावर फेकायची आमच्याकडे रीत. आईने तो दातच मागून घेतला.

"काहून वं?" मावशीने विचारलं.

"हिचा हिरवा फेकला तं तसाच उगवन. बी निवडून लावा लागते."

मावशीची हसून हसून मुरकुंडी वळली. आईने दात पदराला बांधला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे माझा दात पडला, तेव्हा आईने तो उसना दात छपरावर फेकला. मग रोज सकाळी वाडीत हाक, "तोंड उघड बरं, माय." रक्ताचे रिपोर्ट चांगले येत, पण तिचा कागदावर विश्वास नव्हता. मी किती चिडायचे! आज कोणी तसं हाक मारून तोंड उघडायला लावावं असं फार वाटतं.

एका सकाळी तिचं बोट हिरडीवर थांबलं. "पांढरा हाय," ती म्हणाली आणि वांग्याच्या झाडांत मटकन बसून ढसाढसा रडायला लागली.

मी उड्या मारत विचारलं, "आता मी छान दिसीन नं?"

"कशीबी दिस, माय. जगशीन तू आता."