ताराचंदच्या एकतीस ओळी

ताराचंद गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होतो. त्याच्या मेहुण्याचा एसेमेस होता. सकाळी गेले, मेंदूचा मलेरिया, चार वाजता नेणार. चंद्रपूरहून कुरखेड्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, पण त्याच क्षणी उठलो असतो तर पोचलो असतो. मी आधी तो कागद काढला. मग साहेबांना विचारलं, मग घरी जाऊन कपडे बदलले... मी पोचलो तेव्हा लोक नदीकडून परतत होते. अंगणात सतरंजीवर बसलेली माणसं त्याच्याबद्दल बोलत होती. ऑर्गनवर असा हात पुन्हा व्हायचा नाही, असं एका नाटक कंपनीचा म्हातारा मालक म्हणाला. ताराचंदची गाणी फिनलंडमधले लोकही ऐकायचे, हे मला त्यांना सांगावंसं वाटलं. पण तोंड उघडलं नाही. एकदा सुरुवात केली असती तर पुढचंही सांगावं लागलं असतं. त्याला आता सात आठवडे झाले. ते पुढचं आज सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी चंद्रपुरात इंजिनिअरिंग शिकत होतो. गोंडपिपरीला मामाकडे गेलो असताना गावात झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडचं, नाटक लागलं होतं. मला नाटकात रस नव्हता, ऑर्गनमध्ये होता. दुपारी मांडव घालत असताना तो बघायला गेलो, तर एक किडकिडीत माणूस आगपेटीची काडी खुपसून त्याचा प्लग घट्ट करत होता. तोच ताराचंद. दिवाळी ते होळी वडशाच्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा आणि उरलेलं वर्ष कुरखेड्याला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना शिकवायचा. तिथे एक टाकून दिलेला जुना संगणक त्याच्या ताब्यात होता. मी संगणक शिकतो म्हटल्यावर त्यानं विचारलं, "त्याच्यात गाना वाजते का?" वाजतं, म्हणालो. "आपल्याले करता येते का?" पुढची दहा वर्षं आमची दोस्ती या दुसऱ्या प्रश्नावर चालली.

एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मला ट्रॅकर नावाचा प्रोग्रॅम सापडला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर उभे रकाने असतात, त्यात स्वर अक्षरांनी आणि आकड्यांनी लिहायचे, आणि वरून खाली ते वाजत जातात. ढोलाचा एक ठोका, बासरीची एक फुंकर असे छोटे आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवायचे आणि त्यांतूनच सगळं गाणं विणायचं. फाईल अगदी छोटी, फ्लॉपीवर मावणारी. पण खरी गंमत निराळीच होती. ते आवाज आणि ते स्वर सगळे त्या फाइलीतच उघडे असायचे. गाणं ऐकणारा ते उघडून कसं केलं तेही बघू शकायचा. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि स्वयंपाकघरही दाखवावं, तसा हा मोकळा कारभार होता. प्रत्येक फाइलीत आवाजांची नावं लिहायला एकतीस ओळी असत आणि एका ओळीत बावीस अक्षरं. जगभरची पोरं त्या ओळींत निरोप लिहायची, मित्रांना रामराम करायची, आवाज कुठून घेतला ते सांगायची. ती या मंडळींची रीतच होती.

अशा मंडळींसाठी मी इंटरनेटवर एक फोरम काढला. चंद्रपुरातल्या एका सायबर कॅफेत कॉलेज सुटल्यावर बसून तो चालवायचो. ट्रॅकरवाले होते, तसे डेमोवालेही होते. इवल्याशा प्रोग्रॅमातून चित्र आणि संगीत उभं करायचं आणि एकमेकांना थक्क करायचं, हा त्यांचा छंद. पोलंड, ब्राझील, फिनलंड, पुणे, कुठून कुठून लोक आले. मी पहिल्या पानावर ताडोब्याचा वाघ लावला होता. जंगलातून चालणारा फोरम म्हणून लोकांना भारी कौतुक वाटायचं, आणि मी ते कौतुक नाक वर करून मिरवायचो.

ताराचंदकडे इंटरनेट नव्हतं. तो फ्लॉपी खाकी पाकिटात घालून वडशाच्या कंडक्टरकडे द्यायचा, मी चंद्रपूरच्या स्टँडवर घ्यायचो आणि फोरमवर चढवायचो. त्याचे आवाज सगळे घरचे होते. टेपरेकॉर्डर घेऊन तो गावोगाव फिरायचा. ढोल, बैलाच्या गळ्यातली घंटी, मोहफुलं वेचणाऱ्या बाईची हाक... आणि ओळींत तो प्रामाणिकपणे लिहायचा, रोमन अक्षरांत पण आपल्या बोलीत. पुराड्याच्या मामाचा ढोल. मोत्या बैलाची घंटी. शेवटच्या ओळीत दर वेळी माझं नाव, अरुण, फाईल पोचवणारा म्हणून. लग्न झाल्यावर त्यानं एकदा उखळातलं कांडण रेकॉर्ड केलं. त्या मुसळाच्या ठोक्यावर त्यानं जे गाणं बांधलं, त्याच्या तोडीचं आमच्या फोरमवर काही आलं नाही. हे मी आज मैत्रीपोटी म्हणत नाही, तेव्हाही मला ते पहिल्या ऐकण्यात कळलं होतं.

ते गाणं त्यानं आमच्या वार्षिक स्पर्धेसाठी पाठवलं होतं. नियम मीच केले होते. त्यातला एक असा, की प्रत्येक आवाज कुठून घेतला ते त्या ओळींत लिहिलेलं पाहिजे, नाहीतर प्रवेशिका बाद. मी फाईल उघडली, गाणं ऐकलं. मग ओळी वाचल्या. ढोल मामाचा, घंटी मोत्याची, उखळाबद्दल काहीतरी, "हासू नोका, खरं आहे" असं एक वाक्य... आणि मला लाज वाटली. फोरमवरची पुण्याची पोरं हे वाचतील आणि हसतील, असं वाटलं. बाहेरचे लोक मला मोठा तंत्रज्ञ समजतात आणि आमच्या फाइलीतून असा गावंढळ मजकूर जातो, असं वाटलं. मी सगळ्या ओळी पुसल्या. त्या जागी इंग्रजीत सर्व मित्रांना शुभेच्छा वगैरे छान छान लिहिलं आणि फाईल चढवली. आपण त्याचं भलंच करतोय, अशी समजूतही करून घेतली. जंगलातला वाघ मला पहिल्या पानावर चालत होता, जंगलातल्या माणसाची भाषा तेवढी चालत नव्हती. त्या उत्साहात मला माझाच नियम आठवला नाही.

गाण्याला भरभरून मतं पडली. मग फिनलंडच्या एका सभासदानं लिहिलं की हा ठोका विकतच्या सीडीवरचा असणार, घरी असा आवाज निघत नाही, आणि फाइलीत उगम लिहिलेला नाही. फोरमचे आणखी दोन व्यवस्थापक होते, त्यांनी उघडून बघितलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. निर्णय माझ्याकडे आला. लिहिलेलं होतं, मीच पुसलं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते लिहिलं असतं तर स्पर्धेचा चालकच लोकांच्या फाइलींत हात घालतो, असं झालं असतं. कुंपणानंच शेत खाल्ल्यासारखं. मग कोण राहिलं असतं आमच्या फोरमवर? मी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, उगम दिलेला नाही, प्रवेशिका रद्द. फोरमवर आवाज चोरणाऱ्यांची एक यादी असायची, सगळ्यांना दिसेल अशी. रिवाजाप्रमाणे तीत ताराचंदचं नाव घालायचं होतं. ते मी माझ्या हातानं टाइप केलं.

पुढच्या आठवड्यात तो इन्स्टिट्यूटच्या कामानं चंद्रपूरला आला आणि निकाल बघायला थेट कॅफेत. मी त्याला यादी दाखवली नाही, पण त्यानं बोट ठेवून इंग्रजी वाचत वाचत ती शोधलीच. आपल्या नावाशी बोट थांबवलं.

"मी तं लिवलं होतं ना," तो म्हणाला. "पुरं लिवलं होतं."

मी म्हणालो, फ्लॉपी खराब झाली असेल, मजकूर उडाला असेल, असं होतं कधीकधी. इतक्या सहज म्हणालो की माझाच विश्वास बसावा. त्यानं खिशातली दुसरी फ्लॉपी काढून उलटीपालटी करून पाहिली.

"जुनीच होती ते," तो म्हणाला. "माहीच चुकी झाली."

मग आम्ही चहा प्यायला गेलो आणि त्या चहाचा आग्रहही त्यानंच केला. जाताना मी त्याला स्पर्धेतल्या सगळ्या गाण्यांची सीडी दिली. काहीतरी द्यावंसं वाटलं म्हणून दिली. तीत त्याचं गाणंही होतं, पुसलेल्या ओळींच्या जागी घातलेल्या माझ्या इंग्रजी शुभेच्छांसकट, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतरही तो फ्लॉप्या पाठवत राहिला. फक्त आता ओळी कोऱ्या असायच्या, एकतीसच्या एकतीस. मला हायसं वाटलं, पुसायचं काम वाचलं. कोऱ्या ओळींमुळे लोकांचा संशय मात्र पक्का झाला. त्याचं गाणं आलं की कुणीतरी ती यादी काढायचंच. हळूहळू त्याला ऐकणारे संपले. मला नोकरी लागली, लोक पांगले आणि ज्या फुकटच्या जागेवर फोरम होता ती जागाच एक दिवस बंद झाली. बंद होईपर्यंत ते नाव यादीत होतं. काढायला मला एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट मला चार वर्षांत सापडलं नाही.

त्याच्या मृत्यूनंतरच्या जलदानविधीला मी गेलो होतो, पण गर्दीत वहिनींशी, म्हणजे ताराचंदच्या बायकोशी, शोभाशी, बोलणं झालं नाही. गेल्या रविवारी पुन्हा गेलो. त्याच्या खोलीत इन्स्टिट्यूटमधून घरी आणलेला तो जुना संगणक तसाच होता, वर वहिनींचं जुनं लुगडं झाकलेलं. तो रोज शाळेची वेळ झाल्यासारखा दहाला त्यापुढं बसायचा, गेल्यापासून कोणी हात लावला नाही, असं त्या म्हणाल्या. काय आहे त्यात ते बघा, मले तं काही समजत नाई. मी चालू केला. दोन फोल्डर होते. एकाचं नाव पाठवायच्या, दुसऱ्याचं घरच्या. पाठवायच्या गाण्यांत कोऱ्या ओळी होत्या. घरच्या फोल्डरमध्ये तीच गाणी होती, पण प्रत्येकात ओळी भरलेल्या. कोणाचा ढोल, कोणत्या गावची हाक, कोणता बैल. दर वेळी शेवटी माझं नाव. स्पर्धेचं गाणंही तिथेच होतं, ओळी जशाच्या तशा, आणि त्याच्या शेजारी माझ्या सीडीवरून उतरवलेलं, इंग्रजी शुभेच्छांचं. फ्लॉपी बिघडली तर मजकूर उडतो, पण त्या जागी शुभेच्छा उगवत नाहीत. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. सीडी घरी नेली त्याच दिवशी त्याला कळलं असणार.

माझा चेहरा बघून वहिनी म्हणाल्या, "त्याइले मालूम होतं, भाऊ. ते म्हणत, अरुणच्या हातून चुकून पुसलं गेलं असन. आता सांगतलं तं त्याचा फोरम बंद पडन, म्हणून तो चूप हाय. आपुनबी चूप राहू."

म्हणजे ओळी तो माझ्यासाठी कोऱ्या ठेवत होता. पुन्हा माझ्या हातून काही पुसलं जाऊ नये आणि मी पुन्हा पेचात पडू नये म्हणून. चोर म्हणवून घेत होता आणि मला सांभाळत होता. मी तिथे नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. त्यानं मला माफ केलेलंच होतं. पण ती माफी एका चुकीला होती आणि मी चूक केली नव्हती. म्हणून मी म्हणालो, वहिनी, चुकून नाही पुसलं. मुद्दाम पुसलं. आपल्या बोलीत लिहिलेलं बघून बाहेरचे हसतील असं वाटलं. मला लाज वाटली तुमची.

वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे स्पर्धेच्या गाण्याच्या ओळी उघड्या होत्या आणि उखळाबद्दलचं ते काहीतरी, जे मला इतक्या वर्षांत आठवत नव्हतं, समोर होतं. उखळ, मुसळ, पुढे शोभा.

"ते मुसळ माह्या हातचं," त्या म्हणाल्या. "तवा ते हासत होते, तुहं नाव इलायतेत धाडतो म्हणून. होतं का माहं नाव त्यात?"

"होतं."

"तेबी पुसलं?"

"हो."

त्यांनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली, सावकाश, कोपऱ्यांसकट. मग पाट ओढून भिंतीशी बसल्या.

"वाचा मंग," त्या म्हणाल्या. "मामाचं वाचा, बैलाचं वाचा, सगळ्याइचं वाचा. माहं नाव तुमी नोका घेऊ."

मी बाकीच्यांची वाचली.