टोपीतला काटा

मंगळवारी सकाळी नामदेव वारला. त्या दिवसापासून आमच्या गुरांच्या दवाखान्यात मी एकटा डॉक्टर उरलो.

खरं तर डॉक्टर मीच होतो. नामदेव मलमपट्टी करणारा ड्रेसर, शिक्षण सातवी. पण मिरजगावच्या बाजूची माणसं वासरू घेऊन आली की माझ्या टेबलापलीकडे बघत विचारायची, "नामदेव हाय का?"

त्याच्या टोपीत कायम बाभळीचा एक काटा खोवलेला असे. शिंगं वाढू नयेत म्हणून वासराच्या शिंगांचे कोंब डागतात; त्याआधी भुलीचं इंजेक्शन दिलं की तो शेजारी उकिडवा बसून राही. दहा मिनिटांनी कोंबाजवळ काटा टोची. वासराने मान झटकली की म्हणे, "अजून कळतंय त्याला. बसा सायेब." माझ्याच हाताखालचा माणूस मला बसवून ठेवी. आणि हे थांबणं मीच त्याला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. मला ते पाठ होतं. त्याला ते पटलं होतं.

एकदा भागूबाईच्या गोठ्यात दोन कालवडी डागायच्या होत्या. "एक मी करतो," मी म्हणालो. मला त्याच्याआधी उरकून दाखवायचं होतं. इंजेक्शन दिलं आणि लगेच तापलेली डागणी टेकवली. कालवड हंबरडा फोडून गुडघ्यांवर आली.

"डाक्टर, ऱ्हाऊ द्या," भागूबाई म्हणाली. "जीव हाय त्यो, खुटा न्हाई. दुसरी नामदेव करंल."

"सायबांची चूक न्हाई, मावशे," नामदेव म्हणाला. "एखाद्या जनावराला भूल उशिरा चढती."

तो माझ्यासाठी खोटं बोलला, तेही किती सहज. मला त्याचाही हेवा वाटला.

संध्याकाळी तो सायकल काढून पुन्हा तिकडे निघाला.

"आता कशाला?"

"भूल उतरली की खरं दुखतं, सायेब. दूध पितीय का बघतो. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन देऊन येतो."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी भागूबाई दवाखान्यात येईल त्याला सांगत होती, मी डागलेली कालवड नामदेवच्या हातून दूध प्यायली.

त्याच्या मयतीला माणसं टेम्पो करून आली. मी मागे उभा होतो. आपल्या वेळी एवढी येतील का, हेच माझ्या मनात येत होतं.

आता बाभळीचा काटा माझ्या खिशात असतो. तो टोचून पाहिल्याशिवाय मी डागत नाही, आणि संध्याकाळी पुन्हा बघायला जातो. भागूबाईची ती कालवड आता दुभती गाय आहे. मी गोठ्यात शिरलो की ती दावं ताणून मागे सरते.