दिवेकर मॅडमनी वही मिटली तेव्हा

बातमी आली तेव्हा मी दौंडच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेवर उभी होते. पर्समध्ये फोन थरथरला. परीक्षेत मी फोन बघत नाही, पण तो थरथरतच राहिला म्हणून बघितला. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर संदीपनं लिहिलं होतं, ‘दिवेकर मॅडम गेल्या. आज सकाळी, वरवंडला. चहा घेता घेता.’ तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, रीडिंग दाखवू का?” मी हो म्हणाले, तिच्या ब्युरेटपाशी वाकले, आणि काचेवरचा आकडा काही केल्या दिसेना. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं...

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. मॅडम शिरूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या वरवंडच्या, शेतकरी घरातल्या. घरातून सायन्सला गेलेल्या पहिल्याच. लग्न केलं नाही. शिरूरला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि सुट्टी लागली की वरवंडला भावाकडे जायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात पुरुषी मोठं घड्याळ आणि काखेत काळ्या पुठ्ठ्याची एक वही, असा त्यांचा अवतार. त्या वहीतून त्या नोट्स सांगायच्या. ‘स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘याखाली रेघ मारा’ असं म्हणत पाऊण तास सलग. आम्ही माना खाली घालून लिहायचो. ते तसंच्या तसं पाठ करून पेपरात उतरवलं की मार्क ठरलेले. कारेगावहून एसटीत उभी राहून येणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला आणखी काय हवं होतं? एमआयडीसी आल्यापासून आमच्या गावात प्रत्येकाला एकच ठाऊक होतं : केमिस्ट्रीत बीएस्सी झालं की कंपनीच्या लॅबमध्ये चिकटता येतं. मॅडमच्या वहीतून सरळ कंपनीच्या गेटपर्यंत रस्ता जातो, अशी आमची पक्की समजूत होती.

ती समजूत मोडली संदीपमुळे. तो आमच्यापुढे एक वर्ष. वर्गात पहिला आलेला, हुशार, मान खाली घालून बोलणारा. मी तिसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होते. संदीप आला आणि मॅडमच्या टेबलासमोर नुसताच उभा राहिला. मॅडमनी हसून विचारलं, “काय रे, झाला का इंटरव्ह्यू?”

“झाला, मॅडम. पण न्हाई घेतलं त्यांनी.”

“का? काय विचारलं?”

“विचारलं काय न्हाई. ब्युरेट दिली हातात. म्हणले, टायट्रेशन करून दाखवा.” तो थांबला. “मला येईना, मॅडम. जर्नलमधली रीडिंग आम्ही मागच्या बॅचच्या जर्नलवरनं उतरवायचो. सगळेच उतरवायचे... मला फर्स्ट क्लास हाय, पण ते कॉक कसं फिरवायचं तेच कळंना. तिथला मॅनेजर हसला.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार तर मुळीच नव्हती, आणि तेच मॅडमना जास्त लागलं असणार. ज्यांनी टायट्रेशन केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचनळीतून, तिचा कॉक म्हणजे खालची तोटी फिरवून, थेंब थेंब द्रव खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचा आणि त्यातल्या पाण्यासारख्या द्रवाला अगदी फिकट गुलाबी छटा आली की त्याच क्षणी थांबायचं. रसायनशास्त्रातलं हे अगदी प्राथमिक काम. मॅडमनी त्याला समोर बसायला लावलं. मग म्हणाल्या, “संदीप, तुझी चूक नाही. तीन वर्षं तू माझ्यासमोर होतास.” मी नळ बंद करायचं विसरले होते.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या. नेहमीप्रमाणे वही टेबलावर ठेवली, उघडली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मिटून टाकली. “काल जे शिकवलं त्यातलं काय समजलं नाही?” त्यांनी विचारलं. कुणी बोलेना. आम्हाला वाटलं, आता रागावतील. पण त्या खिडकीला टेकून उभ्या राहिल्या आणि वाट बघत राहिल्या. वर्गातली अशी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. पंखा किती खडखडतो ते त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी सगळ्यांना कागदाचे चिटोरे वाटले. नाव घालायचं नाही, न समजलेली एक गोष्ट लिहायची. चिटोरे गोळा करून एकेक वाचला. बहुतेकांवर ‘सगळं समजलं’ असंच होतं. माझ्याही. मॅडम म्हणाल्या, “कमाल आहे. मला स्वतःला या धड्यातल्या दोन गोष्टी अजून नीट समजलेल्या नाहीत.” आणि मग त्या दोन गोष्टी कोणत्या, कुठे अडतं, इतकी वर्षं त्यांनी त्या मुलांना कशा गुळगुळीत वाक्यांत गुंडाळून सांगितल्या, हे त्या खडू हातात घेऊन फळ्यावर मांडत गेल्या. शिकवणारं माणूस ‘मला येत नाही’ असं म्हणतंय, हे आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. खरं सांगायचं तर मला ते मुळीच आवडलं नाही. मी घाबरले.

पुढे पुढे तर फारच झालं. प्रॅक्टिकलला प्रत्येक टेबलावर वेगळं द्रावण ठेवलेलं, त्यामुळे शेजारच्याचं रीडिंग बघून उपयोग नाही. उतरवलेली जर्नलं परत. तासाला आधी जोडीदाराला समजावून सांगायचं, आणि त्याला कळलं नाही तर दोघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. युनिव्हर्सिटीची परीक्षा तर तशीच राहणार होती, पाठांतराची. मग आम्ही अर्ज केला. ‘दिवेकर मॅडम अभ्यासक्रम शिकवत नाहीत, नोट्स देत नाहीत, आमच्या भवितव्याचा प्रश्न आहे’ असा प्राचार्यांना अर्ज. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. सही मात्र गर्दीत मध्येच कुठेतरी केली, ओळखू येऊ नये म्हणून.

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. त्या परत आल्या त्या हातात ती काळी वही घेऊनच. वर्गात म्हणाल्या, “तुमचं म्हणणं बरोबर आहे. नोट्स तुम्हाला मिळाल्याच पाहिजेत. ही वही घ्या, आख्खी झेरॉक्स करा. घरी वाचून या. नुसतं लिहून घ्यायला मी कशाला हवी? तुम्ही वही घ्या, मला तास द्या.” प्राचार्यांनी त्यांना सहामाहीपर्यंतची मुदत दिली होती, निकाल घसरला तर पुन्हा पहिल्यासारखं. हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हाला शिपाईमामांकडून कळलं.

मी घरी रडगाणं गायले असणार, कारण एक दिवस माझे वडील कॉलेजात येऊन उभे राहिले. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. शेत राखून, उरलेल्या जागेत कामगारांसाठी खोल्या बांधलेला माणूस, आवाज मोठा. प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाले, “बाई, तुम्ही शिकवता का न्हाई, ते सांगा. पोरगी घरी रडती.” मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “या आप्पा, बसा. बसू नका, उभेच राहा. ही कामं उभ्यानंच करतात.” आणि त्यांनी आप्पांच्या हातात ब्युरेटचा कॉक दिला. थेंब थेंब सोडायचा, गुलाबी झालं की थांबायचं, एवढंच सांगितलं. आप्पांनी फिरवला कॉक, आणि फ्लास्क भडक गुलाबी. “आयला, गेलं की!” आप्पा म्हणाले. “आता?”

“आता फेकायचं, आणि पुन्हा.”

दुसऱ्यांदाही गेलं. तिसऱ्यांदा आप्पांनी टोपी काढून बाजूला ठेवली. वाकून, श्वास रोखून, फवारणीचं औषध मापताना बघतात तसं बघत राहिले. छटा आली तेव्हा इतकी फिकी होती की मॅडमनी खाली पांढरा कागद धरला तेव्हा कुठे दिसली. आप्पा लहान मुलासारखे हसले. “थेंबाचाच खेळ हाय म्हंजी सगळा! अजून एकदा करू का?” त्यांची एसटी गेली तरी त्यांना पत्ता नव्हता. निघताना मात्र गंभीर झाले आणि म्हणाले, “बाई, त्या अर्जावर माझ्या पोरीची सही हाय. तेवढी खोडून टाका.”

मॅडम म्हणाल्या, “सही कशाला खोडायची? आख्खा अर्जच तिनं लिहिलाय. मी अक्षर ओळखते तिचं. छान लिहिलाय, एक अक्षर चुकलेलं नाही.”

मी तिथेच उभी होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भांडी आवरायला लागल्या. मग मीही आवरायला लागले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतरच्या प्रॅक्टिकलला माझं टायट्रेशन चार वेळा गेलं. डोळ्यांत पाणी आलं. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “किती थेंबांनी चुकलीस?” “माहीत नाही, मॅडम.” “ते माहीत करून घे. मग पाचव्यांदा चुकणार नाहीस.” चारही चुकीची रीडिंग मी जर्नलमध्ये लिहिली, का चुकली तेही लिहिलं. त्या पानाला मला वर्षातले सगळ्यात जास्त मार्क पडले. सहामाहीचा निकाल थोडा घसरला खरा, पण प्राचार्य एकदा तासाला मागे येऊन बसले, आम्ही एकमेकांशी कशावरून भांडतोय ते त्यांनी ऐकलं, आणि मुदतीचा विषय पुन्हा निघाला नाही. वार्षिक निकाल आधीच्या बॅचइतकाच लागला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. फक्त कंपन्यांत गेलेल्यांच्या हाताला काम येत होतं. आणि संदीप? त्याला मॅडमनी दर रविवारी प्रयोगशाळेत बोलावलं. त्यासाठी त्यांचं वरवंडला जाणंही कमी झालं. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत त्याची निवड झाली. आज तो तिथल्या लॅबचा प्रमुख आहे आणि नव्या पोरांची मुलाखत घेताना कुणालाही हसत नाही.

मी प्राध्यापक झाले आणि मजा बघा, पहिल्या वर्षी दौंडला मी तेच केलं. पाऊण तास सलग बोलत होते. निवृत्त झालेल्या मॅडमना मोठ्या हौसेनं माझ्या वर्गात बोलावलं. त्या शेवटच्या बाकावर बसल्या, मन लावून ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “छान बोलतेस गं तू. तुझी मुलं कधी बोलतात?” एवढंच. मग आम्ही स्टँडसमोर उसाचा रस प्यायलो आणि त्या वरवंडच्या गाडीत बसून गेल्या. त्या रात्री मी माझ्या नोट्सची वही मुलांना देऊन टाकायचं ठरवलं.

दहावा झाल्यावर मी वरवंडला गेले. मॅडमच्या भावजय, शालनवहिनी, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीशी शिलाई मशीन होतं. वहिनी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतात हे मला ठाऊक होतं. गेलं वर्षभर मॅडम त्यांच्याकडून शिवण शिकत होत्या, हे ठाऊक नव्हतं.

“आधी वाटलं, चेष्टा करत्यात,” वहिनी सांगत होत्या. “एवढी शिकलेली बाई, आन् मी सातवी. पण रोज सकाळी चहा झाला की बसायच्या. मी कापड हातातनं घ्यायला गेले की म्हणायच्या, ‘शालन, तू हात मागं ठेव. मला चुकू दे.’ मी पन मग गप बसायला शिकले बघा. लई अवघड असतं वो, येत असून गप बसायचं.”

मशीनवर एक निळा ब्लाउज तसाच होता. त्याची डावी बाही उलटी जोडलेली. शिवण निम्मी उसवलेली, बाजूला छोटी कात्री, आणि उसवलेले धागे एका बशीत नीट गोळा करून ठेवलेले.

“आदल्या दिवशीचं हाय,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचं त्यांनाच कळलं होतं, कुठं चुकलं ते. मी सांगितलं न्हवतं. दहा मिंटाचं काम हाय माझं... पण मी हात लावला न्हाई.”

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले होते. आम्ही दोघी त्या बाहीकडे बघत उभ्या राहिलो.