रिकाम्या पेट्या

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्याकडे बघून मान फिरवलीत तरी मला दिसणार नाही — एवढंच माझं धैर्य.

आम्ही डिंडोलीत राहतो. नवरा एका डाईंग मिलमध्ये, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत. मी घरी साड्यांना टिकल्या लावायचे. शेजारच्या गल्लीतल्या सुमनताईंनी मला त्यातून बाहेर काढलं. त्या अमळनेरकडच्या, विधवा, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. कडोदऱ्याच्या पुढे एका गुजराती काकांच्या शेवग्याच्या बागेत त्यांच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. मी आणखी दोन आणल्या आणि चार पेट्या दोघींच्या झाल्या.

सगळं त्यांनीच शिकवलं. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. धूर हळू द्यायचा. खालच्या कोठीत राणी अंडी घालते, तिला हात लावायचा नाही. मध घ्यायचा तो वरच्या कोठीतला, तोही माश्यांनी मेणानं घरं बंद केल्यावर. पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा एक थेंबही घ्यायचा नाही, तो त्यांच्या पोटाचा. मी मान डोलवायचे. ऐकत होते का? ऐकत होते. विश्वास ठेवत नव्हते.

कारण मध कमी होत होता. उन्हाळा संपता संपता वरच्या कोठीतल्या पोळ्यांच्या चौकटी हाताला जड लागायच्या, पाऊस सुरू झाल्यावर दर खेपेला हलक्या. मी एकीवर पेनानं बारीक खूण केली, मध कुठवर आहे ती. आठ दिवसांनी बघितलं — मध खुणेच्या खाली. माश्याच खातात, हे सुमनताईंनी सांगितलेलं होतं. पण मला वाटलं, हे सांगायला बरं आहे, नाही का?

मग मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. माझ्याशिवाय त्या बागेत कशाला जातात? जाताना हातात झाकणाचा स्टीलचा डबा असतो, तो कशाला? एकदा त्यांचा पदर चिकट लागला. मी काही बोलले नाही — बोलले असते तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला ऐकायचंच नव्हतं बहुतेक. आपल्याला कुणी फसवतंय, हे एकदा ठरलं की त्यात एक सुख असतं. ते सुख मी भोगलं. हेही लिहायला हवं.

आखाडात त्या भाचीच्या लग्नबोलणीसाठी गावी गेल्या. तीन दिवस. मी दुसऱ्याच दिवशी दुपारी रिक्षा करून बागेत गेले. मनात एकच होतं — त्यांनी उरलासुरला न्यायच्या आत आपण काढून घ्यावा. वरच्या कोठ्या रिकाम्या केल्या. आणि मग खालची उघडली. पिल्लांच्या घरांवर कडेनं जो मध असतो, तोही सुरीनं कापला. सुरीखाली पांढरी पिल्लं आली. मी थांबले नाही. चारही पेट्या.

मध घरी आणून तांदळाच्या पिंपात लपवला.

सुमनताई परत आल्या त्याच दिवशी काकांचा फोन आला, की माखी ऊडी गई. आम्ही दोघी गेलो. पेट्या रिकाम्या. तळाशी वाळलेली पिल्लं, कापलेलं पोळं, मुंग्यांची रांग. सुमनताई खाली बसल्या आणि एक तुकडा उचलून बघत राहिल्या. म्हणाल्या, "आठे सुरी फिरेल शे, माय. कोन आलथं?"

सुरी माझी, हे तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाच.

संध्याकाळी आमच्या बचतगटाच्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. मी त्यांच्यासमोर विचारलं, "ताई, तुम्ही तो डबा घेऊन एकट्या कशाला जायच्या, ते आता सांगाच." बास. पुढचं बायकांनी केलं. सुमनताई माझ्याकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी मध लिधा नही." बायका एकेक करून उठल्या. मीही उठले.

दुसऱ्या दिवशी माझ्या दोन पेट्या आणायला गेले तेव्हा काका झाडाखाली बसले होते. त्यांना मी डब्याचं विचारलं. ते हसले. म्हणाले, "ए तो खांडनुं पाणी लईने आवतां." साखरेचं पाणी! पावसाळ्यात माश्यांना खायला कमी पडतं म्हणून सुमनताई स्वतःच्या घरची साखर विरघळवून आणत होत्या. माझ्याही पेट्यांना. डब्यातून काही बाहेर जात नव्हतं, ते आत येत होतं.

मी पेट्या टेम्पोत ठेवल्या, घरी आले आणि गप्प बसले. त्या दिवशीही. त्या आठवड्यातही. बायकांनी त्यांना गटातून काढलं, तेव्हाही. दिवाळीच्या आधी त्या खोली सोडून भावाकडे गेल्या. जाताना त्यांच्या दोन पेट्या माझ्या दारात ठेवून गेल्या, धुऊन, उन्हात वाळवून. निरोप नाही.

आता माझ्याकडे चौदा पेट्या आहेत. शिकायला बायका येतात. परवा एकीनं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, प्रशिक्षणाला गेले होते. मी कधीच कुठल्या प्रशिक्षणाला गेलेले नाही.

तिनं ते वहीत लिहून घेतलं.